सवलतीचे कार्ड आणि विम्याची भाषा

 आजच्या व्याख्यानाचा विषय आहे अमेरिकेतली वैद्यकीय सवलत-कार्डे, त्यांच्यावर आलेले कायदे आणि ग्राहकांना सावध करण्यासाठी झालेले प्रयत्न. ऐकायला विषय कोरडा वाटेल. पण त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो प्रत्येक घरातला आहे: उद्या मोठं आजारपण आलं, तर बिलाचा बोजा कोण उचलणार? बोजा दुसऱ्या कोणीतरी उचलला आहे अशा समजुतीत माणूस दर महिन्याला पैसे भरत राहतो, आणि रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी त्याला कळतं की बोजा पहिल्या दिवसापासून त्याच्याच डोक्यावर होता. ही समजूत कशी तयार झाली, आणि तिला आवर घालायला कायद्याला इतका वेळ का लागला, ते आज आपण पाहणार आहोत.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. सवलत योजना म्हणजे सदस्यत्व. तुम्ही महिन्याचे किंवा वर्षाचे शुल्क भरता, हातात एक कार्ड येते. ज्या डॉक्टरांशी, दंतवैद्यांशी, औषध दुकानांशी, चष्म्याच्या दुकानांशी त्या कंपनीचा करार आहे, तिथे कार्ड दाखवले की बिलात ठरावीक सूट मिळते. उरलेले बिल तुम्ही भरायचे. कार्डाची कंपनी डॉक्टरला एक डॉलरही देत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. दाताचे काम 1,000 डॉलरचे आहे, कार्डावर 30 टक्के सूट आहे आणि कार्डाची वर्षाची वर्गणी 120 डॉलर आहे. 300 डॉलर वाचले, 120 गेले, 180 खिशात राहिले. व्यवहार चोख आहे, यात कुणाची फसवणूक नाही. आता त्याच माणसाला हृदयाची शस्त्रक्रिया लागली आणि बिल 1,00,000 डॉलर झाले. कार्ड अगदी प्रामाणिक असले, रुग्णालयाने ते मानले आणि 30 टक्के सूट दिली, तरी 70,000 डॉलर उरले. ते कोण भरणार? तोच माणूस. म्हणजे बघा, कार्ड तेच, सूट तेवढीच. पहिल्या प्रसंगात ती उपयोगी पडली, दुसऱ्या प्रसंगात घर विकायची वेळ आली. सूट खोटी नव्हती. तिच्याकडून विम्याचे काम होईल, ही अपेक्षा खोटी होती.

मग विम्याचे काम म्हणजे काय? त्यासाठी 1929 सालात, टेक्सासमधल्या डॅलस शहरात जावे लागेल. तिथल्या बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचे काम पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल हे पूर्वी शाळांचे अधीक्षक होते. शिक्षकांची बिले थकतात हे त्यांना दिसत होते. त्यांनी शिक्षकांसाठी योजना काढली: महिन्याला 50 सेंट भरा, गरज पडली तर वर्षात 21 दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार मिळतील. पुढे ब्लू क्रॉस या नावाने जे विम्याचे जाळे उभे राहिले, त्याची सुरुवात इथून मानतात. यातली कल्पना साधी होती. सगळ्यांनी थोडे थोडे द्यायचे, त्यातले काहीच आजारी पडतील, आणि त्यांचे बिल त्या गंगाजळीतून जाईल. कोण आजारी पडणार हे कोणालाच माहीत नसते, म्हणून सगळेच भरतात. जोखीम एकट्याच्या खांद्यावरून सगळ्यांच्या खांद्यांवर जाते. याला आपण विमा म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने पगारवाढीवर बंधने घातली, तेव्हा कामगारांना धरून ठेवण्यासाठी कारखानदारांनी आरोग्य विमा देऊ केला. युद्ध संपले तरी ती पद्धत राहिली, आणि अमेरिकेत विमा नोकरीला चिकटला. नोकरी आहे तर विमा आहे. नोकरी गेली, छोट्या दुकानात काम लागले, स्वतःचा धंदा काढला, तर विम्याची पंचाईत. 1965 च्या कायद्याने वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले. पण मधल्या वयाचा आणि मधल्या उत्पन्नाचा मोठा वर्ग उघडाच राहिला. सवलत-कार्डांना गिऱ्हाईक मिळाले ते याच वर्गात.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत विम्यावर देखरेख कोणाची, केंद्राची की राज्यांची? 1869 साली पॉल विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विम्याची पॉलिसी देणे हा आंतरराज्य व्यापार नाही. त्यामुळे विमा राज्यांच्या हाती राहिला. 1871 साली राज्यांच्या विमा आयुक्तांनी आपली संघटना स्थापन केली, ती आजही चालू आहे. 1944 साली न्यायालयाने मत बदलले आणि विमा आंतरराज्य व्यापारच आहे असे म्हटले. लगेच पुढच्या वर्षी, 1945 साली, काँग्रेसने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याच्या धंद्याचे नियमन पुन्हा राज्यांकडे सोपवले.

यातून एक गोष्ट झाली. प्रत्येक राज्यात विमा खाते उभे होते, आयुक्त होता, परवाने होते, कंपनीजवळ दावे भागवण्याइतका पैसा आहे की नाही ते तपासणारे लोक होते. पण हे सारे यंत्र एका शब्दावर चालत होते, तो शब्द म्हणजे विमा. वस्तू विमा असेल तर यंत्र चालू होणार, नसेल तर ते स्वस्थ बसणार.

विमा कशाला म्हणायचे, हा प्रश्न 1979 साली फार स्पष्टपणे न्यायालयापुढे आला. टेक्सासच्या ब्लू शील्डने औषध दुकानांशी करार केले होते. करारातल्या दुकानात गेलेल्या विमाधारकाने प्रत्येक औषधामागे 2 डॉलर द्यायचे, बाकीची ठरलेली रक्कम कंपनी दुकानाला देणार. करारात नसलेल्या दुकानदारांनी तक्रार केली की हे दर ठरवण्याचे संगनमत आहे. कंपनी म्हणाली, हा विम्याचा धंदा आहे, मक्तेदारीविरोधी कायदा आम्हाला लागू नाही. रॉयल ड्रग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या विरोधात निकाल दिला. म्हणणे असे, की दुकानदाराशी स्वस्त दराचा करार करणे म्हणजे माल स्वस्तात खरेदी करणे. विम्याचे लक्षण जोखीम वाटून घेणे हे आहे, आणि या करारात जोखीम वाटली जात नाही.

निकाल मक्तेदारीच्या मुद्द्यावर होता, सवलत-कार्डांचा त्यात विषयही नव्हता. तरी त्यात जी रेघ ओढली गेली ती आपल्या कामाची आहे. एका बाजूला जोखीम उचलणे, दुसऱ्या बाजूला दर पाडून घेणे. विमा कंपनी दोन्ही कामे करते. सवलत योजना फक्त दुसरे काम करते. आणि म्हणूनच, बहुतेक राज्यांच्या विमा कायद्यांत ती बसत नव्हती.

इथे एक मजेशीर पण दुःखद गोष्ट घडली. काही विक्रेते दोन तोंडांनी बोलू लागले. विमा खात्याचे पत्र आले की उत्तर असे: आम्ही जोखीम घेत नाही, तेव्हा आम्ही विमा नाही, तेव्हा तुमचा आमच्याशी संबंध नाही. आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाशी बोलताना शब्द कोणते? तर हप्ता, संरक्षण, पूर्वीचा आजार चालेल, सगळ्यांना प्रवेश नक्की. हे सारे विम्याच्या घरातले शब्द. पूर्वीचा आजार चालेल, हे वाक्य तर शब्दशः खरे होते! ज्याला कोणाचेच बिल भरायचे नाही, त्याला कोणताही आजार चालतो. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, काहीही आणा. पण ज्या माणसाला चार विमा कंपन्यांनी त्याच आजारामुळे नकार दिला आहे, त्याला ते वाक्य कसे ऐकू येत असेल, याचा विचार करा.

2000 नंतरच्या दशकात अमेरिकेत विमा नसलेल्यांची संख्या 4 कोटींच्या वर होती. स्वतंत्रपणे विमा घ्यायला गेलेल्या माणसाला आजाराचा पूर्वेतिहास बघून नाकारणे बहुतेक राज्यांत कायदेशीर होते. म्हणजे ज्यांना विम्याची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच तो मिळणे सर्वांत अवघड. त्यांच्या घरी फॅक्स येत, दिव्याच्या खांबांवर पाट्या लागत, टीव्हीवर जाहिराती दिसत. महिन्याला अमुक डॉलर, सगळं कुटुंब, कोणतीही तपासणी नाही.

त्यात आणखी एका गोष्टीने भर घातली. डिसेंबर 2003 मध्ये मेडिकेअरमध्ये औषधांची सोय करणारा कायदा झाला. पण ती सोय प्रत्यक्षात सुरू व्हायची होती 2006 मध्ये. मधल्या काळासाठी सरकारने 2004 पासून मेडिकेअर-मान्य औषध सवलत-कार्डे सुरू केली. वर्षाचे शुल्क 30 डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाही, आणि कमी उत्पन्नाच्या वृद्धांना औषधांसाठी वर्षाला 600 डॉलरची मदत, अशी ही योजना. हेतू चांगला होता. मात्र यामुळे सवलत-कार्ड ही सरकारमान्य चीज आहे असा समज पसरायलाही जागा झाली. कोणते कार्ड सरकारने मान्य केलेले आणि कोणते नुसते तसे दिसणारे, हे 80 वर्षांच्या आजीबाईंनी कसे ओळखावे?

मार्च 2005 मध्ये कॉमनवेल्थ फंडाने जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या अभ्यासकांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. या अभ्यासकांनी सरळ मार्ग धरला: राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात चालणारी काही कार्डे स्वतः विकत घेतली आणि वापरून पाहिली. यादीतल्या काही डॉक्टरांना आपण त्या योजनेत आहोत याचीच कल्पना नव्हती. जाहिरातीत सांगितलेली बचत आणि हाती आलेली बचत यांत फरक होता. म्हणजे प्रश्न दुहेरी होता. एक, सवलतीला विमा म्हणून विकणे. दोन, जी सवलत विकली तीही न मिळणे.

दुसऱ्या भागाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सवलत कशावर, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयाकडे प्रत्येक सेवेचा यादीतला दर असतो. मोठ्या विमा कंपन्या तो दर जवळजवळ कधीच देत नाहीत. त्या घासाघीस करून खूप खाली आणतात. मेडिकेअर आपला दर स्वतः ठरवते. यादीतला पूर्ण दर ज्याच्यावर आकारला जातो तो कोण? ज्याच्यामागे कोणी नाही तो, म्हणजे विमा नसलेला माणूस. त्याला त्या यादीतल्या दरावर 40 टक्के सूट दिली, तरी तो विमावाल्यापेक्षा जास्त देत असू शकतो. आपल्याकडे सणासुदीला आधी किंमत वाढवून मग सूट लावणारे दुकान आपण लगेच ओळखतो. रुग्णालयाच्या बाबतीत मूळ किंमतच सहजासहजी दिसत नाही, मग सूट मोजायची कशी?

आता कायदे. फ्लोरिडाने 2004 साली सवलत योजना चालवणाऱ्या संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात त्यांनी एक शहाणपणाचे काम केले. ही वस्तू विमा आहे की नाही, या वादात ते अडकले नाहीत. विमा नाही, हे मान्य. पण विम्यासारखी दिसते, विम्याच्या जागी विकली जाते, म्हणून ती विमा खात्याच्या नजरेखाली राहील, असे त्यांनी ठरवले.

कायद्यात काय होते? परवाना घ्यायचा. संस्थेचे निव्वळ मूल्य किमान दीड लाख डॉलर असले पाहिजे. डॉक्टरांशी लेखी करार हवेत आणि त्यांची अद्ययावत यादी संकेतस्थळावर हवी. महिन्याला 30 डॉलरपेक्षा जास्त शुल्क घ्यायचे तर खात्याची मंजुरी घ्यायची, कारण मिळणाऱ्या सवलतीशी शुल्काचा मेळ बसला पाहिजे. सदस्याने पहिल्या 30 दिवसांत कार्ड परत केले तर भरलेले शुल्क परत द्यायचे. एकदाच घेतलेले किरकोळ नोंदणी शुल्क तेवढे ठेवता येईल.

आणि मग शब्द. आमच्या मते या कायद्याचा गाभा इथे आहे. हप्ता, संरक्षण, आरोग्य योजना, पूर्वीचा आजार, प्रवेशाची हमी, असा समज करून देणारे विम्याचे ठरलेले शब्द जाहिरातीत वापरायला बंदी आली. ही विमा पॉलिसी नाही, ही योजना डॉक्टरला पैसे देत नाही, सगळे बिल सदस्यालाच भरायचे आहे आणि त्याला फक्त सूट मिळेल, हे जाहिरातीच्या पहिल्या पानावर, 12 पॉइंटपेक्षा लहान नसलेल्या टाइपात छापायचे. पहिला संपर्क फोनवर झाला तर हेच तोंडी सांगायचे. म्हणजे कायद्याने धंदा बंद केला नाही. तो कोणत्या नावाने करायचा, ते ठरवून दिले. दुकान चालवा, पण पाटी खरी लावा.

याच दशकात राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने नमुना कायदा तयार केला. नमुना कायदा म्हणजे तयार मसुदा, राज्यांनी हवा तर उचलावा, हवे तिथे बदलावा. त्यातही परवाना, उघड माहिती, 30 दिवसांत परतावा हीच चौकट होती. काही राज्यांनी ती घेतली, काहींनी नुसती नोंदणी पुरेशी मानली. कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. तिथे 1975 पासून नॉक्स-कीन नावाचा आरोग्य योजनांचा कायदा होता, आणि त्याची व्याख्या विम्यापेक्षा रुंद होती. तिथल्या खात्याने सवलत योजनांनाही त्याच कायद्याखाली परवाना घ्यायला लावण्याची भूमिका घेतली. एकाच देशात एकच कार्ड एका राज्यात कडक नियमांत, शेजारच्या राज्यात जवळजवळ मोकळे. फोनवरून विकणाऱ्याला अर्थातच राज्याची सीमा आड येत नव्हती.

फोन राज्याबाहेरचा असेल तर राज्याचा आयुक्त एकटा पुरा पडत नाही. इथे केंद्रीय व्यापार आयोगाचे काम सुरू होते. आयोग 1914 चा. 1938 साली त्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ग्राहकाची फसवणूक करणारा व्यवहार हा स्वतंत्रपणे बेकायदेशीर ठरला. राज्यांनी नियमन केलेल्या विमा धंद्यात आयोगाला 1945 च्या कायद्यामुळे फारसे शिरता येत नव्हते. पण सवलत-कार्ड विमा नाही, असे विक्रेते स्वतःच म्हणत होते! ज्या वाक्याने त्यांनी राज्याच्या खात्याला दाराबाहेर ठेवले, त्याच वाक्याने केंद्राच्या आयोगाला दार उघडून दिले.

मार्च 2010 मध्ये आरोग्य सुधारणेचा मोठा कायदा झाला. नव्या कायद्याने नेमके काय मिळणार याबद्दल लोकांत गोंधळ होता, आणि गोंधळ हा फसवणुकीचा हंगाम असतो. ऑगस्ट 2010 मध्ये आयोगाने अनेक राज्यांबरोबर मिळून बनावट विमा आणि सवलत योजना विकणाऱ्यांविरुद्ध 50 हून अधिक खटले आणि कारवाया झाल्याचे जाहीर केले. 2014 पासून विमा कंपन्यांना पूर्वीच्या आजारामुळे नाकारता येईनासे झाले. त्या दिवशी सवलत-कार्डांचा सर्वांत दुःखी गिऱ्हाईक कमी व्हायला हवा होता. काही प्रमाणात झालाही. पण विम्याची किंमत ज्यांना जड जाते असे लोक राहिलेच, आणि नव्या कायद्याचेच नाव घेऊन फोन करणारे निघाले.

ऑक्टोबर 2018 मध्ये आयोगाने फ्लोरिडातल्या सिंपल हेल्थ या कंपनीविरुद्ध दावा लावला. सर्वसमावेशक विमा म्हणून लोकांकडून महिन्याला 500 डॉलरपर्यंत घेतले जात, आणि हाती येई ते मर्यादित लाभाचे पॅकेज आणि सवलतीचे सदस्यत्व, असा आरोप होता. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने 19.5 कोटी डॉलरचा निकाल दिला. 2022 साली बेनिफिट टेक्नॉलॉजीज या कंपनीने अशाच आरोपांवर 10 कोटी डॉलर परताव्यासाठी देण्याचे मान्य केले, आणि पुढे 4 लाखांहून अधिक ग्राहकांना पैसे पाठवले गेले.

हे आकडे ऐकून न्याय झाला असे वाटेल. पण तारखा बघा. 2018 चा दावा, 2024 चा निकाल. मधल्या काळात, 2021 साली, सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात आयोगाचे एक कलम वापरून पैसे परत मिळवण्याचा नेहमीचा रस्ता बंद केला, त्यामुळे आयोगाला दुसऱ्या नियमांचा आधार घ्यावा लागला. आणि परत काय मिळते? भरलेले शुल्क, तेही मिळाले तर. विमा आहे या समजुतीत ज्याने शस्त्रक्रिया करून घेतली, त्याचे रुग्णालयाचे बिल कोणताही निकाल भरत नाही. विमा आहे या समजुतीत ज्याने खरा विमा घ्यायची मुदत घालवली, त्याची ती मुदतही परत येत नाही.

म्हणून ग्राहकशिक्षणाचा प्रश्न येतो. विमा आयुक्तांच्या संघटनेची मोहीम तीन क्रियापदांची होती: थांबा, फोन करा, खात्री करा. म्हणजे पैसे देण्याआधी राज्याच्या विमा खात्याला फोन करून त्या नावाला परवाना आहे का ते विचारा. आयोगानेही पत्रके काढली. आमच्या मते यातले सर्वांत उपयोगी वाक्य हे, की कंपनीच्या यादीवर विसंबू नका, तुमच्या स्वतःच्या डॉक्टरला फोन करून विचारा की हे कार्ड तुम्ही घेता का, आणि माझे बिल किती होईल.

पण शिक्षणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा वेळेची. खरी माहिती बहुधा पैसे दिल्यावर येते, पाकिटातल्या कागदांवर. दुसरी मर्यादा फोनची. विक्रेता 20 मिनिटे आपुलकीने बोलतो, आणि शेवटी पडताळणी म्हणून घाईघाईत काही वाक्ये वाचून ग्राहकाकडून हो, हो असे रेकॉर्ड करून घेतो. उद्या वाद झाला की ते रेकॉर्डिंग पुढे करायचे: बघा, आम्ही तर सांगितले होते. तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. आजारी मूल घरात असलेल्या आईला शंका घ्यायला सांगणे सोपे आहे. शंका घेतल्यावर तिला परवडेल अशी खरी वस्तू बाजारात नसेल, तर त्या शिक्षणाचे तिने काय करायचे? इतिहास असे सांगतो की ग्राहकशिक्षण कायद्याच्या जोडीला चालते, कायद्याच्या जागी चालत नाही. फोन करा हे सांगण्याला अर्थ येतो तो फोन उचलणारे खाते आणि तपासता येईल असा परवाना असतो तेव्हाच. फ्लोरिडात 2004 पूर्वी फोन केला असता, तर या कार्डांसाठी तपासायला असा परवानाच नव्हता.

या इतिहासाचा मराठी घरांशी एक थेट धागा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे आई-वडील जातात. ग्रीन कार्डावर गेलेल्या 65 च्या पुढच्या आई-वडिलांना, तिथे कामाचा इतिहास नसेल तर, सलग 5 वर्षांच्या वास्तव्याआधी मेडिकेअर विकतही घेता येत नाही. सहलीसाठी गेलेल्यांना प्रवासी विम्यावर भागवावे लागते. वय जास्त, आजार जुने, हप्ता मोठा. अशा घरात स्वस्त कार्डाची जाहिरात आली, तर मोह होणे साहजिक आहे. दातांसाठी, चष्म्यासाठी घेत असाल तर हिशेब करून जरूर घ्या. पण बाबांची अँजिओप्लास्टी त्यावर निभेल असे समजू नका.

आणि इथे, आपल्याकडेही, रुग्णालयांची आणि तपासणी केंद्रांची सदस्यत्व-कार्डे मिळतात. भारतात विमा विकायचा तर विमा नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू आहे. ती सवलत कोणत्याही कार्डाचे पैसे न भरता मिळते, कारण ती हक्काची आहे. कार्ड घेण्याआधी हक्काची सवलत कोणती, हे आधी विचारा.

शेवटी, आजच्या गोष्टीतून घरी नेण्यासारखा एकच प्रश्न आम्ही देतो. कोणीही कार्ड पुढे केले, की रंग, चिन्ह, टक्केवारी बाजूला ठेवा आणि विचारा: माझं बिल एक लाख झालं, तर त्यातले तुम्ही स्वतः डॉक्टरला किती देणार? उत्तर आकड्यात आले आणि लिहून मिळाले, तर पुढे बोलणे करा, आणि त्यांची विम्याची नोंदणी तपासा. उत्तर सुटीच्या टक्क्यात आले, तर ते सवलत-कार्ड आहे. सवलत-कार्ड म्हणूनच त्याची किंमत करा, आणि मोठ्या आजारपणाची सोय वेगळी लावा.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू. ज्यांच्याकडे अशी कार्डे असतील त्यांनी ती काढून समोर ठेवली तरी चालेल, मागची बारीक अक्षरे आपण मिळून वाचू.